पापनाशमचं उलटं मिटलेलं पान

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मी एका हाताने मोडत आणलं, आणि तो हात उष्टा होता.

आता तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण खरंच सांगतो. मी तंजावूरचा. राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. अर्धवट माहिती छातीठोकपणे सांगण्याचा मला तीस वर्षांचा सराव आहे. त्यामुळे वैदेहीच्या, म्हणजे माझ्या एकुलत्या एक लेकीच्या, निश्चयाच्या (तुमचा साखरपुडा) पाच दिवस आधी मी जेव्हा जाहीर केलं, की "आजपासून भात बंद, पोळी बंद, इडली-दोसा बंद!" तेव्हा ते इतक्या ठसक्यात केलं, की घरात कुणी हूं की चूं केलं नाही.

कारण होतं जरीकाठी धोतर. निश्चयासाठी नवंकोरं आणलेलं. ते नेसून आरशासमोर उभा राहिलो, तर आरशात आधी पोट आलं आणि मागाहून मी आलो! लगेच फोनवर एक व्हिडिओ शोधला. त्यातला सडपातळ माणूस सांगत होता, पिष्टमय पदार्थ सोडा, शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं. मला एवढं पुरे होतं. (व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्यात पहिल्या आठवड्यात काय काय होतं आणि पाणी नि मीठ कसं जपून घ्यायचं, ते होतं म्हणे. मी तो अर्धा पाहिला नाही. ज्ञान झालं की मी थांबतो.)

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या घडीवर चिडलो, नळावर चिडलो आणि बायको शिंकली म्हणून तिच्यावरही चिडलो. चौथ्या दिवशी वर्गात फळ्यावर हृदयाची आकृती काढत होतो, तर पोटरीत असा गोळा आला, की मी फळ्यालाच मिठी मारली. मुलांना वाटलं, सर भावुक झाले. आणि पोटाचं तर विचारूच नका! (घरातल्यांनीही विचारलं नव्हतं. पण मी सकाळी आत जाऊन तासभर बाहेर येत नव्हतो, त्यावरून त्यांना कळलं.)

"अहो, चेहरा बघा केवढासा झालाय," बायको म्हणाली. "दोन घास रसमभात खा. कुणाला सांगणार नाही मी."

"रुक्मा, तुला शास्त्र कळत नाही. शरीर आता चरबी जाळतंय. आग म्हटली की थोडा धूर येणारच!"

"तेच म्हणतेय मी. धूर तोंडातून येतोय."

"म्हणजे?"

वैदेही खोलीतून ओरडली, "अप्पा, दोन दिवस तुमच्या तोंडाला नखांचा रंग काढायच्या पाण्याचा वास येतोय! उद्या तिकडे कुणाच्या जवळ जाऊन बोलू नका, प्लीज. अप्पा, एवढंच करा माझ्यासाठी."

एवढंच! लेकीने बापाकडे आयुष्यात पहिल्यांदा एवढी स्वस्त मागणी केली होती. पण तिचं सगळं उद्यावर टांगलेलं होतं. श्रीधर तिने स्वतः पसंत केलेला मुलगा. चेन्नईत दोघांची नोकरी एकाच इमारतीत. घरच्यांना पटवायला दोन वर्षं गेली होती, आणि त्यातलं दीड वर्ष एकट्या त्याच्या आजीला पटवण्यात. अंबाआजी म्हणजे त्या घरचं सुप्रीम कोर्ट. घराणं आपलंच, तंजावूर मराठी, पापनाशमला भातशेती. आजींनी हो म्हटलं होतं, पण दोन्ही घरांनी तांबूलाची, म्हणजे पान-सुपारीची, ताटं बदलेपर्यंत त्यांचं 'हो' पक्कं नसतं, असं श्रीधरनेच सांगून ठेवलं होतं.

बुधवार होता. राहुकाल, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य वेळ, बारा ते दीड. तेव्हा ठरलं असं, की बाराला पंगत बसवायची, दीड टळला की ताटं बदलायची. मी तोंडात चार लवंगा धरून, दोन खांबांचा आधार घेत पापनाशमच्या त्या घरात शिरलो. डोक्यात नुसतं धुकं. श्रीधरचे वडील माधवराव पुढे आले, "या या व्याही, प्रवास बरा झाला ना?" मी लांबूनच, तोंडावर हात ठेवून, मान डोलावली. ते म्हणाले, "किती विनम्र माणूस!"

पंगत बसली. माझ्या एका बाजूला माधवराव, समोरच्या ओळीत श्रीधर. आजी स्वतः वाढायला. ऐंशी वर्षांचं वय, पण हाताचा वेग असा, की नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत पानावर डोंगर!

"वेंकटराव, सावकाश जेवा. आमच्या शेतातला नवा तांदूळ आहे. पहिला भात तुमच्यासाठी म्हणून ठेवला होता."

झालं! आता काय करायचं? मी भाज्या खाल्ल्या. कोशिंबीर खाल्ली. तूप आलं, ते वरचेवर बोटाने निपटलं आणि पुन्हा मागितलं. पुन्हा निपटलं. पुन्हा मागितलं. माधवराव जेवायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले. मग सांबार आलं, ते भातावर पडलं. रसमचा भात आला, तो त्याच्या शेजारी पडला. मी एक घास बोटांत घ्यायचा, तोंडापर्यंत न्यायचा, काहीतरी बोलायचं आणि परत खाली ठेवायचा. शेवटी पानावर ओल्या भाताचा एक ढीग झाला, त्यावर मी दोन अप्पळम (म्हणजे पापड) पालथे घातले आणि देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात पोटरीत गोळा आला! आता एकच इच्छा उरली, उठणं. मी घाईघाईने पान मिटलं.

तुम्ही महाराष्ट्रातले लोक ताटात जेवता, तुम्हाला हा धोका नाही. आमच्याकडे केळीच्या पानाला एक नियम आहे, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. जेवण झालं की पान आपल्याकडे मिटायचं. म्हणजे जेवण आवडलं, संबंध वाढू दे, पुन्हा येऊ. पलीकडे, आपल्यापासून दूर, मिटायचं ते फक्त मयताच्या घरच्या जेवणात. म्हणजे असा प्रसंग पुन्हा न येवो.

मी पलीकडे मिटलं.

नियम विसरलो होतो म्हणावं, तर तसंही नाही. पान आपल्याकडे ओढायला लागलो, तर तो सांबाराचा ओघळ सरळ धोतराच्या दिशेने निघाला. नवं धोतर, जरीकाठ! हात आपोआप उलटा फिरला.

आजींच्या हातातली पळी वरच्या वर थांबली. स्वयंपाकघराच्या दारात रुक्माने पदर तोंडात कोंबला. वैदेहीचा चेहरा पांढराफटक.

"आमच्या घरी," आजी एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "कोण मेलं हो?"

मला वाटलं, जमीन फाटावी. जमीन नाही फाटली, पान उघडलं! केळीचं ताजं पान नीट दाबलं नाही की हळूहळू आपणहून उघडतं. माझं उघडलं. अप्पळम बाजूला घसरले आणि भात सगळ्यांच्या समोर आला.

"अय्यो! अस्का भात टाकला!" (अस्का म्हणजे सगळा. आम्ही अजून तसंच म्हणतो.) "माझ्या शेताचा नवा तांदूळ, अस्काच्या अस्का!"

"आजी, माफ करा, मी..." म्हणत त्यांचे पाय धरायला उठलो. पोटरीने दगा दिला. मी जो हेलपाटलो तो थेट आजींच्या पायांशी साष्टांग. त्या मला उठवायला वाकल्या, मी तोंड वर करून म्हटलं, "हा सगळा घोटाळा झाला हो!" आणि लवंगा तर पहिल्या भाजीबरोबरच संपल्या होत्या.

आजी दोन पावलं मागे सरकल्या.

"माधवा! हा पिऊन आलाय रे!"

मी! ज्याने आयुष्यात कडक कॉफीच्या पुढे मजल मारली नाही, तो मी! माधवरावांच्या तोंडातला पायसमचा घोट तोंडातच राहिला. खांबांना धरत येणं, न बोलणं, तुपावर तूप, आता हे लोटांगण. त्यांच्या चेहऱ्यावर सगळा हिशेब जुळताना मला दिसत होता.

"आजी, नाही हो!" वैदेही रडत रडत पुढे आली. "अप्पा पीत नाहीत. बारीक व्हायचं म्हणून त्यांनी पाच दिवस भात सोडलाय. त्याने असा वास येतो, चक्कर येते. शप्पथ!"

आजी खाली बसल्याच.

"भात सोडला? कावेरीकाठी राहून?" त्यांनी कपाळाला हात लावला. "पोरी, त्यापेक्षा प्याला असता तर बरं होतं. ते निदान समजतं तरी."

दीडला वीस मिनिटं उरली होती. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. नवीन पान. मिठापासून ताकभातापर्यंत सगळं पहिल्यापासून. आजी समोर पाट घेऊन बसल्या, जवळजवळ माझ्या मांडीवर. आणि खरं सांगू? पहिला घास घशाखाली उतरला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय तो भात! सांबारभात, रसमभात, ताकभात, मध्ये दोन पुरणपोळ्या. ताकभाताला आंब्याचं लोणचं मागून घेतलं. डोक्यातला ठणका कुठल्या कुठे गेला. मग सगळं घर श्वास रोखून बघत असताना मी पान आपल्याकडे मिटलं आणि वर हात ठेवून बसलो, पुन्हा उघडायला नको.

"आता बरोबर," आजी म्हणाल्या. "ताटं आणा."

रुक्माने सुटकेचा श्वास सोडला. वैदेहीने डोळे पुसले. तांबूलाची ताटं आली, सगळे उठून उभे राहिले. एकटा श्रीधर आपल्या पानासमोर बसलेलाच.

"श्रीधरा, ऊठ की रे! मुहूर्त चाललाय."

"उठतो, आजी."

"मग ऊठ ना!"

तो लाल होत होत उठला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत पांढरंशुभ्र धोतर पिवळंजर्द! सांबार, रसम आणि शितंच शितं. टपटप खाली पडत होती.

"हे काय?" आजी किंचाळल्या.

"लग्नाच्या फोटोंसाठी, आजी. मीपण तीन आठवडे भात सोडलाय." तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला. (आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात.) "मामा, मीपण सगळा पानातच लपवला होता. पण पान वैदेहीच्या निश्चयाचं. पलीकडे कसं मिटणार? मिटलं आपल्याकडे."

आजींनी त्याला मारायला पळी उचलली आणि मारता मारता त्याच्या गालावरून हात फिरवला. वैदेही हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मला एवढंच कळलं, की पोरीने नवरा निवडताना बापापेक्षा जास्त अक्कल दाखवली आहे. त्या पंगतीत मूर्ख दोन होते. त्यातल्या एकाने नातं जपलं.

दुसऱ्याच्या धोतरावर मात्र, सांगायला अभिमान वाटतो, एक शिंतोडाही नव्हता!