गुणाजीचे पक्के सांधे

गुणाजी खुर्च्या दुरुस्त करायचा ते बघायला हिंमत लागायची. जुनी खुर्ची समोर आली की हा तिच्यावर तुटून पडायचा. उलटी करून चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटायचा, रेक्झिन टराटरा फाडायचा, आतला कुजका फोम लाथेने बाजूला ढकलायचा. मग लाकडी मोगरीचे दणके घालून सैल झालेले पाय सुटे करायचा. गिऱ्हाईक बिचारं दारात उभं राहून कळवळायचं. तासाभराने तोच माणूस त्याच लाकडावर इतक्या हळू हाताने काचकागद फिरवायचा की मला राग यायचा. मला राग लवकर येतो, पण याचं कारण वेगळं होतं.

हा माणूस बायकोला, हौसाबाईला, मारायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला तो साधुसंत वाटायला नको. ठाण्यात लोकमान्य नगरला त्याचं दुकान आणि माझं शिलाईचं दुकान, मधे फक्त पत्रा. चाळीतही आम्ही शेजारी. पिऊन आला की हौसाबाईवर हाताला येईल ते फेकायचा. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं आणि मी शिलाई मशीन जोरात चालवायचे. एकदाही त्यांचं दार वाजवलं नाही. लाज वाटते, पण खरं ते खरं.

मग एका वर्षी त्याची दारू सुटली, हातही थांबला. त्यानंतर त्या घरात त्या विषयावर कुणी शब्द काढला नाही. हौसाबाई रोज दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, तो खाली मान घालून जेवायचा, ती डबा धुऊन परत न्यायची. गुणाजी सुधारला, असं चाळीत सगळे म्हणायचे. हौसाबाईला कुणी काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर विनिता नावाची एक लग्न झालेली पोरगी आमच्याकडे आली. घोडबंदर रोडला नवं घर, डोक्यावर कर्ज, टेबल होतं पण खुर्च्या नव्हत्या. कल्याणला कुणीतरी घर आवरताना सहा सागवानी खुर्च्या विकायला काढल्या होत्या, त्या टेम्पोत घालून ती थेट दुकानात घेऊन आली.

"काका, स्वस्तात काय होईल तेवढं करा," ती म्हणाली.

गुणाजीने नखाने एक पाय खरवडला. "लाकूड सोनं आहे. वरचं पॉलिश मेलंय."

मजुरी वाचावी म्हणून पोरगी स्वतः घासायला बसली. तीन शनिवार फुटपाथवर गोणपाट टाकून, नाकाला ओढणी बांधून तिने सहा खुर्च्यांचं जुनं पॉलिश काढलं. डोंबिवलीहून आईकडचे जाड निळे पडदे आणले, त्यातून मी सीटची कव्हरं शिवली. गुणाजीने सीटखाली नवे पट्टे ताणले, फोम बदलला, पॉलिशचे हात मारले. सांधे उघडायचे तर खर्च वाढणार होता, म्हणून ते तसेच राहिले. खुर्च्या तयार झाल्या तेव्हा ती प्रत्येकीवर एकदा बसून उठली. मला ती फार आवडली, तसं मी तिला बोललेही.

जानेवारीत ती त्यातली एक खुर्ची रिक्षात घालून घेऊन आली. पाठ उपटून लोंबत होती.

"पाहुणे बसले आणि पडली," ती म्हणाली. केस एका बाजूला ओढून घेतले होते, कपाळ झाकण्यापुरते.

ती गेल्यावर गुणाजीने खुर्ची माझ्यासमोर आडवी केली. "ताई, जड माणूस बसला तर सीट खाली जाते. मागे कलंडली तर मागचा पाय जातो. इथे बघा, पाठ दोन्हीकडून उपटलीय आणि पुढच्या पायांची टोकं चेचलीत. पाठीला धरून खुर्ची उचललीय कुणीतरी. पाय समोरच्याच्या अंगावर घातलेत."

"तुला काय ठाऊक?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मशीनकडे वळले.

आता डोकं ठिकाणावर असलेलं माणूस काय करेल? त्या मुलीला विचारेल. आम्ही दोघांनी विचारलं नाही. गुणाजीने तिला फोन करून सांगितलं, सहाही खुर्च्या आण, सांधे पक्के करून देतो, पैसे नकोत. मग त्याने एकेक सांधा उघडला, शिसवाच्या खुंट्या ठोकल्या, गोंद भरला, शिकंजे आवळून खुर्च्या दोन दिवस तशाच ठेवल्या. मी सगळी कव्हरं धुऊन इस्त्री करून दिली. तिच्यासाठी काहीतरी केलं असं वाटून आम्ही दोघं खूश होतो.

"आता हत्ती बसला तरी हलायची नाही," तिला खुर्च्या देताना तो म्हणाला.

मार्च महिन्यात, भर दुपारी, विनिता पुन्हा आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. एक खुर्ची रिक्षावाल्याने आत आणून ठेवली. निळं कापड फाटलं होतं आणि त्यावर वाळलेला तपकिरी डाग होता.

"सीटचं कापड बदलायचंय," ती म्हणाली. "लाकडाला काही झालं नाही, काका. एकदम पक्की आहे."

हौसाबाई डबा उघडत होती, तिचा हात थांबला. गुणाजी खुर्चीजवळ गेला. त्याने पाठ हलवून पाहिली. हलली नाही. मग त्याने खाली बसून पुढच्या पायाच्या चेचलेल्या टोकावर बोट फिरवलं.

"आधी मोडायची," तो मला म्हणाला. "मोडायची म्हणून मार खुर्चीत जिरायचा. मी पक्की केली, ताई."

मी विनिताला जवळ घेऊन बसवलं आणि दोन महिन्यांपूर्वी विचारायचं ते तेव्हा विचारलं. ती नुसती मान हलवत राहिली, नाही, पडले, पडले. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिचा नवरा मितेश कोपऱ्यावर गाडीत थांबला होता. दोनदा हॉर्न देऊन तो चिडून आत आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड.

"एका कापडाला एवढा टाइम? चल."

"तिला बसू दे जरा," मी म्हटलं.

"तुम्ही मधे बोलू नका." त्याने तिचा हात धरला, प्लास्टरचाच, आणि खेचला. विनिता किंचाळली. सुटायला बघू लागली तसा त्याने तिचा गळा धरून तिला पत्र्यावर आपटलं. माझ्या दुकानातली रिळं खाली पडलेली मी ऐकली.

गुणाजी कधी उठला ते मला दिसलं नाही. मोगरीचा पहिला दणका मितेशच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीत. तो पालथा पडला तसा गुणाजी त्याला उताणा करून छातीवर बसून हाताने मारायला लागला. नाक फुटलं, रक्त इस्त्रीच्या शर्टावर आलं, तरी थांबेना. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. अजून दोन मार, असं मनात म्हणत होते. हौसाबाईने मागून त्याची मानगूट पकडली आणि म्हणाली, "पुरे. तुमचा हा चेहरा मला माहिती आहे." तेव्हा त्याचा हात खाली आला.

बाजूच्या दुकानदारांनी पोलिसांना बोलावलं. सगळे चौकीत गेलो. खुर्चीही गेली, हौसाबाईने ती उचलून नेली.

चौकीत मितेश नाकाला रुमाल लावून व्यवस्थित बोलला. बायको बाथरूममध्ये घसरली, हा दुकानदार माथेफिरू आहे, चाळीत विचारा, जुना बेवडा आहे. साहेबांनी विनिताला विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हो. पडले."

संपलंच होतं. गुणाजी आत जाणार आणि ती पोरगी त्याच गाडीत बसून त्याच घरी जाणार, जिथे अजून पाच पक्क्या खुर्च्या होत्या.

"साहेब, ती पडलेली नाही," गुणाजी म्हणाला. "खुर्चीने मारलंय. पुढच्या पायाचं टोक बघा. हिने तोंडासमोर हात धरला असणार, घाव तिथे बसलाय."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

गुणाजी थांबला. इतकी वर्षं घरात जो शब्द निघाला नव्हता तो काढायचा म्हणजे काय, ते मला कळत होतं.

"मी मारलेलं आहे, साहेब," तो म्हणाला. "अशीच पाठीला धरून. लागलं की खुर्ची कशी होते आणि माणूस कसं होतं, मी बघितलंय."

"कुणाला मारलंस?"

त्याने हौसाबाईकडे बोट केलं.

हौसाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर खांद्यावरून थोडा खाली घेतला. गळ्याखालच्या हाडावर एक उंचवटा होता, वाकडं जुळलेलं हाड. इतकी वर्षं शेजारी राहून मी तो पाहिला नव्हता.

"दवाखान्यात मीपण सांगितलेलं, जिन्यावरून पडले म्हणून," ती विनिताला म्हणाली. "तेव्हा कुणी ऐकायला नव्हतं गं. आज एवढी माणसं आहेत."

मग विनिताने प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. "मी पडले नाही," ती म्हणाली. मितेश उठायला गेला, हवालदाराने त्याला खाली बसवलं.

लिहायला बसलेल्या मॅडमनी कागद ओढला आणि सहज हौसाबाईला विचारलं, "तुम्हाला काही तक्रार द्यायची आहे का, यांच्याविरुद्ध?"

हौसाबाईने गुणाजीकडे पाहिलं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. चाळीतल्या कुणालाही तसंच वाटलं असतं.

"आधी पोरीचं लिहा," ती म्हणाली. "मग माझं."

गुणाजीने होकारार्थी मान हलवली. मॅडमनी दुसरा कागद काढून बाजूला ठेवला.