दत्तारामचा रेकॉर्ड

दत्ताराम खाणीवर टिप्पर चालवायचा, तेव्हा त्याच्याइतक्या सफाईने गाडी हाणणारा अख्ख्या डिचोलीत दुसरा नव्हता. हे अर्थात त्याचंच म्हणणं. टीव्हीवर खेळायच्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्येही रेकॉर्ड आपलाच, हे तो खाणी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी आल्यागेल्याला ऐकवायचा. पुरावा मागायची सोय नव्हती, कारण गेमचं यंत्र केव्हाच मेलेलं. हरमलला टुरिस्टांना खोल्या देणारा थोरला जावई प्रवीण यायचा आणि नुसता गालात हसायचा. दत्तारामला ते हसू फार झोंबायचं.

धाकटी गौरवी बाजारात मोबाइल दुरुस्त करते. बाबांना कोणी हसलेलं तिला खपत नाही. शिरगावच्या जत्रेला प्रवीण येईल तेव्हा त्याचं तोंड बंद करायचंच, असं तिने ठरवलं. रेकॉर्ड साठवलेलं मेमरी कार्ड शाबूत होतं. खेळाची चकतीही होती, वरची अक्षरं मात्र पुसून गेलेली. कॉम्प्युटरवर खेळ चालवायला आता हवी होती बायोस, म्हणजे बटण दाबताच यंत्राला जागं करणारी, त्याच्या पोटातली फाइल. ती आपल्याच यंत्रातून काढणं सगळ्यात बरं. पण जुनं झाल्यावर ते यंत्र पालथं ठेवलं तरच चालायचं, आणि वर आलेल्या तळावर दत्तारामने टिप्परसाठी आणलेला देवी लईराईचा स्टिकर चिकटवला होता. स्क्रू त्याच्याखाली. देवीला नख लावायची कोणाची छाती?

मग तिने एका गिऱ्हाइकाला विचारून त्याच्या तसल्याच यंत्रातून फाइल काढली. ते यंत्र गल्फचं होतं, आणि मामा कुवेतला म्हणून आपलंही गल्फचंच, असं घरात सगळे धरून चाललेले. प्रत्येक फाइलला आकड्याअक्षरांचा एक ठसा असतो. आत कणभर बदल झाला तरी तो बदलतो. तिने तो इंटरनेटवरच्या यादीतल्या ठशाशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. फाइल अस्सल होती. तरी खेळ काही सुरू होईना.

जत्रा तोंडावर आली. दत्तारामने टीव्हीसमोरची खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती, आणि गौरवी रडकुंडीला आलेली. तिची आई विमला इतके दिवस सगळं गुपचूप बघत होती. ती आता पुढे आली, देवीला हात जोडले आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवत स्टिकर अलगद सोडवला.

"तुझ्या मामान कुवेतीक जावच्या आदी दिल्यान ता," ती म्हणाली. "तेवा तो खनिजाच्या बार्जीर होतो. हंयचा खनिज जपानाक जाय, आणि ह्या थंयसून इला."

स्टिकरखालच्या लेबलवरही जपानच होतं. फाइल अस्सल, पण भलत्या देशाची, आणि जपानी चकती जपानी फाइलशिवाय उघडत नाही! गौरवीने यंत्र उघडलं, चिप वाचली, निघालेल्या फाइलचा ठसा जपानच्या ठशाशी जुळवला आणि देवीला कॉम्प्युटरवर नेऊन चिकटवलं.

जत्रेच्या दिवशी प्रवीण हसायच्या तयारीनेच बसला. खेळ उघडला, रेकॉर्डची पाटी आली. दत्तारामचं नाव होतं, खरंच होतं, पण दुसऱ्या ओळीत. पहिलं नाव विमलाचं.

विमलाने मान खाली घातली. दत्ताराम खनिजाच्या टिप्परांच्या लायनीत अडकलेला असायचा तेव्हा दुपारची ती खेळायची. ज्या दुपारी तिने त्याचा रेकॉर्ड मोडला, त्याच दुपारी यंत्र मेलं. पुढे खाणी बंद पडल्या, आणि मिरवायला नवऱ्याकडे तेवढंच उरलं. तेही कसं काढून घ्यायचं, म्हणून ती गप्प राहिली. पण तो थापाड्या नाही, एवढं तरी जावयाला कळावं, म्हणूनच तिने स्टिकर सोडवला होता.

प्रवीण हसला नाही. दत्तारामने पाटी पुन्हा एकदा वाचली आणि तो आपल्या खुर्चीतून उठला.

"विमला, हंय बस," तो म्हणाला. "कसा केलंस, माका दाखय."