हेलिकॉप्टरचं पासिंग

माझा धाकटा चुलतभाऊ अकोले ते भंडारदरा जीप चालवतो. परवा तो जीपच्या पासिंगसाठी नगरला आला आणि सावेडीत आमच्याकडे जेवायला थांबला. चेहरा उतरलेला होता. जीप पंधरा वर्षांची झालेली, त्यामुळे आरटीओत ब्रेकपासून दिव्यांपर्यंत सगळं तपासून तिला नापास केलं होतं.

मला हसू आलं, आणि मागोमाग रागही. मी लष्करात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होतो. ज्यावर काम शिकलो ते हेलिकॉप्टर माझ्याहून वयानं मोठं होतं. नवीन येणार, हे भरती झाल्या दिवसापासून ऐकत होतो. एका सरकारनं टेंडर काढलं, पुढच्यानं ते रद्द करून समिती नेमली. मग दोघं एकमेकांवर ओरडत बसले आणि आम्ही जुन्यालाच पार्ट बदलून उडवत राहिलो. वय झालं म्हणून मला घरी पाठवलं. त्याला मुदतवाढ मिळाली.

भावाचा घास हातातच राहिला. "दादा, माझी जीप बंद पडली तर कडेला तरी लावता येती. त्या हेलिकाप्टरचं पासिंग कोन करायचं?"

"मीच," मी म्हणालो. "उडण्याआधी माझी सही लागायची. मग ते परत उतरेपर्यंत मला जेवण जायचं नाही. डबा तसाच घरी परत यायचा."

भाकरी वाढता वाढता बायको थांबली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, मी उपवास करायचो.