तळाला बसलेलं पाणी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. फिल्टरात कापीचं, म्हणजे कॉफीचं, डिकॉक्शन उतरतं तसे ते थेंब थेंब उतरतात आणि सकाळी बघावं तर भांडं भरलेलं. आमच्या कुंभकोणमच्या गल्लीत हल्ली जे साठलंय ते सगळं एकाच चवीचं आहे, भीतीच्या. निमित्त पेट्रोलचं. त्यात आता पाचवा हिस्सा स्पिरिट असतं, ई-ट्वेंटी म्हणतात त्याला, आणि आमच्या ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला त्याची धास्ती आहे.

माझी शाळा पाचवीत सुटली. पुढचं सगळं मी स्वतः शिकले, इंग्रजीसुद्धा. आमचे पूर्वज मराठा राजांच्या मागून तंजावरला आले. पुण्याकडचे लोक आमच्या मराठीला हसतात. हसोत बापडे.

घरात आम्ही तिघं. मी, सून सुशीला आणि नातू रघू. माझा मुलगा तंजावरच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना गेला. समोरून बस आली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच रस्त्याकडे जातं. रघू चेन्नैच्या कंपनीचं काम घरी बसून करतो आणि त्याने टर्बोची निळी गाडी घेतलीय. चालू केली की समोरच्या घरातली भांडी वाजतात.

*

समोरचं घर म्हणजे सेतुरावांचं. शेतकी खात्यातून रिटायर झालेले, सोवळ्याचे कडक. मरुदानल्लूरच्या भजनाला रघू त्यांना गाडीतून नेणार होता. ते उपरणं सावरत आले आणि दाराशीच थबकले. फोनवर कुणीतरी कळवलं होतं, पेट्रोलमध्ये दारू असते.

“वहिनी, देवाच्या भजनाला दारू प्यायलेल्या गाडीतून कसं जायचं?”

मी म्हटलं, गाडी पिते, तुम्ही नाही. शिवाय ते स्पिरिट उसाच्या मळीचं असतं, तांदळाच्या कणीचंही असतं, हे शेतकी खात्यातल्या माणसाला मी सांगायचं?

तांदूळ ऐकून ते आणखी घाबरले. म्हणाले, “मग तर अन्न जाळणं झालं. मद्य असेल तर विटाळ, तांदूळ असेल तर पाप. मी टाऊन बसने जातो.”

गेले बसने. येताना बस बंद पडली. डिझेलची होती!

*

मी ऐकीव गोष्टींवर भीत नाही. स्वतः बघते. एका काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलं, त्यात थोडं पाणी घातलं, बूच लावून हलवलं आणि ओट्यावर ठेवलं. थोड्या वेळाने तळाला पाणी बसलं. पण घातलं होतं त्यापेक्षा जास्त! स्पिरिट पेट्रोलला सोडून पाण्यात उतरलं होतं.

ओट्यावर सगळ्यांना समजावून सांगितलं. थेंबभर पाणी असेल तर स्पिरिट ते पोटात घेतं, कुणाला पत्ता लागत नाही. जास्त झालं, की तेच पाण्याचा हात धरून तळाशी वेगळं घर करतं. गाडीचा पंप ओढतो तळाचं. मग गाडी संपली.

सेतुराव दूर उभे राहून ऐकत होते. “म्हणजे लग्न झाल्यावर मुलगा वेगळा निघतो तसं,” म्हणाले. त्यांचा मुलगा मागच्याच महिन्यात वेगळा निघाला होता.

सुशीला दारात उभी राहून बाटलीकडे बघत होती. ती मुळातच कमी बोलते. नवरा गेल्यापासून त्याहून कमी.

*

कोपऱ्यावर सेल्वमचं वर्कशॉप आहे. रघू आपल्या गाडीला हात लावू देतो असा गावातला एकटाच मेकॅनिक. त्याच्याकडे एक माणूस मोटरसायकल ढकलत आला, घामाने निथळत. ई-ट्वेंटीने इंजिन खाल्लं म्हणाला, सरकारला शिव्या दिल्या, पंपवाल्याला दिल्या. सेल्वमने टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावलं, टाकीवर टिचकी मारली. टाकी रिकामी होती.

माणूस गेल्यावर सेल्वम मला म्हणाला, “पाटी, आता माणसाची चूक म्हणून काही उरलंच नाही. सगळी पेट्रोलची.”

तमिळात पाटी म्हणजे आजी. त्याला मी एवढीच सूट दिलीय.

*

आता माझी भीती सांगते. मलाही आहे, लपवत नाही.

रघूने आम्हा दोघींना आडुतुरैला लग्नाला नेलं. गाडी महिनाभर उभी होती, टाकीत जुनंच पेट्रोल. परत येताना पुढे खाजगी बस. आमच्याकडच्या खाजगी बसला ब्रेक असतो की नाही हे तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसतं. रघूने गाडी बाहेर काढली, पाय दाबला आणि गाडी खोकली. जोरच येईना. समोरून लॉरी येत होती. मागून सुशीलाची बोटं माझ्या खांद्यात रुतली. ती ओरडली नाही, मीच ओरडले. रघूने गाडी पुन्हा बसच्या मागे घेतली. लॉरी आरशाला वारा घालून गेली.

“जुनं पेट्रोल, आजी,” तो म्हणाला.

घरी येऊन बघितलं, खांद्यावर चार काळेनिळे डाग. सुशीला जेवली नाही.

*

मला वाटलं, पोरगा शहाणा होईल. तो चेन्नैला गेला आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधलं गणित बदलून आला. तोंडभर हसत होता.

“आजी, सगळे उगाच घाबरतात. स्पिरिटने इंजिन थंड राहतं, आतल्या आत ठकठक करत नाही. त्याच्या हिशेबाने सेटिंग केलं, की टर्बोचं प्रेशर आणखी वाढवता येतं. गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळते!”

अख्खी गल्ली गाडी बंद पडेल म्हणून घाबरत होती. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या दोघी ती बंद पडणार नाही म्हणून घाबरायला लागल्या.

दर शुक्रवारी पूजा झाली की सुशीला बाहेर जायची आणि बॉनेटवर पळीभर तीर्थ शिंपडायची. रघू म्हणायचा, “अम्मा, पेंटला डाग पडतात.” ती पदराने पुसायची.

*

मग चेन्नैचे मित्र येणार असं ठरलं. तीन गाड्या. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो, तेव्हा तंजावरला पहिला कोण पोचतो ते बघायचं. मला हे सेल्वमकडून कळलं. मी रघूला उभा केला आणि जे बोलायचं ते बोलले, त्याच्या बापाचं नाव घेऊन बोलले. त्याने मान खाली घातली, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आजी, मी जपून चालवतो.” त्याचा बापही हेच म्हणायचा.

गाडीची किल्ली देवघराच्या खुंटीला असते, तिकडे बघत सुशीला वाती वळत बसली.

रविवारी मित्र आले, गाड्या गुरगुरल्या. रघूची गाडी चालू झाली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि मेली. पुन्हा चालू होईना. मित्र थोडा वेळ थांबले, घड्याळं बघितली आणि त्याच्याशिवाय निघून गेले. रघू स्टिअरिंगवर हात आपटत बसला.

सेल्वम आला. मागची सीट उचलली, पंप बाहेर काढला, टाकीच्या तळापर्यंत नळी घातली आणि जे आलं ते बाटलीत धरलं. गल्ली जमली होती. सेतुराव सगळ्यांच्या पुढे. “मी म्हटलं नव्हतं? स्पिरिट!”

सेल्वमने बाटली उजेडात धरली. वर पेट्रोल, खाली पाणी. रघू पंपवाल्याच्या नावाने सुरू होणार, तेवढ्यात सेल्वमने बाटली जरा तिरकी केली आणि डोळ्यांजवळ नेली. आम्ही सगळे वाकलो.

दोन थरांच्या मध्ये, पाण्यावर, तुळशीचं एक पान तरंगत होतं.

सेतुरावांनी सवयीने हात जोडले. रघूने माझ्याकडे बघितलं. मी सुशीलाकडे. ती सगळ्यांसाठी कापीचे टंबलर घेऊन ओट्याच्या पायरीवर उभी होती.

“आत्याबाई,” ती मला म्हणाली, “या वेळी पळीभर पुरेसं वाटलं नाही.”