चालू की चालु

इंजिन उतरवून दुसरं बसवायचं, की आहे तेच उघडून दुरुस्त करायचं, एवढ्या एका प्रश्नावर आमच्या घरातला अख्खा पावसाळा गेला आणि दिवाळी तोंडावर आली तरी निकाल लागेना. मिस्त्रीच्या दृष्टीनं प्रश्न सोपा होता. माझ्याही. अडून बसली होती ती आई, जिला क्लच कोणता आणि ब्रेक कोणता हेही सांगता आलं नसतं.

गाडी बाबांची. आठ-दहा माणसं कोंबता येतील अशी लांब डिझेल जीप. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर एका ठेकेदाराकडून त्यांनी ती जुनीच घेतली. आई तेव्हा म्हणाली होती, "दोन मानसाईले एवढी मोठी गाडी काऊन पाह्यजे?" बाबा म्हणाले, "जनमभर सरकारी जीपमंदी डायवर नेईल तिकडं गेलो. आता मी नेतो." आणि त्यांनी नेली. इंद्रवेल्ली, उटनूर, नेरडीगोंडा, जिथं जिथं त्यांनी नोकरीत कालवे मोजले होते तिथं तिथं ते कारण नसताना जाऊन आले. पुढं बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मी तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादच्या शाळेत गणित शिकवायचो. शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणजे गाडीचा मला उपयोग शून्य.

आवाज बाबांच्या शेवटच्या वर्षातच सुरू झाला होता. वरचा टकटक आवाज असता तर मिस्त्रीनं चहा पिता पिता काढला असता. हा खालून, इंजिनाच्या पोटातून यायचा, चढाला लागली की जोरात आणि सपाटीला जरा दबून. "बेरिंग गया साब," मिस्त्री म्हणाला. "खोलेंगे तो अंदर क्या क्या निकलेगा, भगवान को मालूम. नागपूर का एक इंजन पडा है मेरे पास, बढिया. बदल डालो." त्याला ते इंजिन खपवायचं होतं हे मला दिसत होतं. पण मलाही तेच पाहिजे होतं, म्हणून मी त्याच्या बाजूनं झालो.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला त्या आवाजाची भीती वाटायची. साधीसुधी नाही.

का, ते सांगायचं तर आधी एका शब्दाबद्दल सांगायला हवं. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे, बस झालं. आपल्याकडे 'चालू' म्हणजे सुरू. तिकडचा शेवटचा उकार आखूड, आपला लांब, आणि अर्थ एकदम उलटे. आमच्या जिल्ह्यातल्या मराठी माणसाला हा फरक पाळण्यातच कळतो. बाहेरच्याला मात्र कळत नाही, आणि मग गंमत होते. बाबांच्या कचेरीतल्या एका मित्राच्या मुलीचं लग्न मंचेरियलला होतं. त्या लग्नाला माझा यवतमाळचा मामा आमच्याबरोबर आला. पंगतीत चिंचेचा भात आला. मामाला आवडला. वाढपी जवळ आला की मामा भरल्या तोंडानं म्हणायचा, "चालू! चालू!" आणि वाढपी अदबीनं पुढं सरकायचा. मामाला वाटलं, बाहेरगावचा म्हणून हे लोक आपल्याला मुद्दाम गाळतायत. तो रागानं पानावरून उठला आणि बाबा ठसका लागेपर्यंत हसले. पुढं कितीतरी वर्षं मामा घरी आला की बाबा त्याला दारातच विचारायचे, "काय पाव्हणं, चालू का चालु?"

बाबांचा सारा दिवस कचेरीत तेलुगूत जायचा. त्यामुळं घरी जेवतानाही पोट भरलं की ते ताटावर हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "चालु." आई हातातली पळी मागं घ्यायची नाही. त्यांच्या बोटांच्या फटीतून आणखी एक पळीभर वरण सोडायचीच. बाबा चिडायचे. आई म्हणायची, "मले काय तुमची तेलगू समजते? तुमी चालू म्हनलं, म्या वाढलं." हे रोजचं होतं. आम्ही पोरं त्याला हसायचो. आईला तेलुगू येत नाही हे आमच्या घरात, सूर्य पूर्वेला उगवतो तसं, धरून चालायची गोष्ट होती.

आता त्या दुपारबद्दल. जेवणं झाली होती. बाबा उठले, पायरीवर बसले आणि छातीवर हात चोळू लागले. आमच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि सांगितलं, इथं थांबू नका, हैदराबादला न्या. दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता. मागच्या लांब सीटवर बाबांना आडवं केलं, आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी गाडी काढली. हायवे तेव्हा अरुंद होता. कापसाच्या गाड्या, ट्रक, मध्येच म्हशी. मी जेवढी दामटता येईल तेवढी दामटत होतो आणि खालून तो ठोका वाढत चालला होता. आरशात मला आईचा चेहरा दिसत होता. बाबा दिसत नव्हते.

नेरडीगोंड्याला चिंचेखाली एक चहाचं दुकान होतं. बाबा तिथं थांबल्याशिवाय कधी पुढं गेले नाहीत, मग घाई असो की नसो. ते दुकान जवळ आलं असताना बाबा काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात मला एकच शब्द कळला. चालू. किंवा चालु. शेवटचा उकार त्या ठोक्याखाली गेला.

मी वेग कमी केला आणि ओरडून विचारलं, "काय म्हणाले?"

आई म्हणाली, "चालू ठेव म्हनून राह्यले. थांबू नको."

मी थांबलो नाही. चिंच मागं गेली. घाट लागायच्या आधी आई म्हणाली, "आता सावकास चालव." त्यावरून मला समजलं.

नंतर डॉक्टर म्हणाले की कुठंही थांबला असता, कितीही पळवली असती, तरी काही फरक पडला नसता. त्यांचं म्हणणं मला डोक्यानं पटलं. पण माणूस गेला कशानं हा माझा प्रश्नच नव्हता. तो शेवटी काय म्हणाला हा होता. चिंच दिसली असेल, थांबायचं असेल, धक्के सहन होत नसतील, थोडा वेळ गाडी बंद करून शांत पडू द्या असं सांगायचं असेल. आणि आम्ही त्या ठोक्यातच त्यांना पुढं पुढं नेत राहिलो. की खरंच ते म्हणाले होते, पळव? एका उकाराचा प्रश्न. गणिताच्या मास्तरला उत्तर सापडत नव्हतं.

मग इंजिनच बोलायला लागलं. गाडी उभी असताना, नुसती सुरू ठेवली की ठोक्यांत मला तो शब्द ऐकू यायचा. कधी लांब, कधी आखूड. माझ्या बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, गाडी विकून टाका. आईजवळ विकायचं नाव काढलं तर ती जेवणावरून उठली. उलट रोज सकाळी ती मला शाळेत निघायच्या आधी म्हणायची, "गाडी चालू करून ठेव थोडा येळ." मी किल्ली फिरवायचो आणि ती पायरीवर, बाबा बसले होते त्याच जागी, पदर सावरून ऐकत बसायची. धूर साऱ्या अंगणात भरायचा. शेजारी वैतागायचे. मी बंद केली की ती आत जायची. काय ऐकत होती कुणास ठाऊक. मी विचारलं नाही, कारण मग मला काय ऐकू येतं तेही सांगावं लागलं असतं.

पावसाळ्यात इंजिनानं दोनदा दगा दिला आणि मिस्त्रीनं निर्वाणीचं सांगितलं. आता असंच चालवलं तर एखाद्या दिवशी रस्त्यातच जाम होईल. आईचा हट्ट एकच, "दुरुस्त करा. बदलू नका." मी तिला समजावून पाहिलं, की आतलं जवळजवळ सगळंच नवं घालावं लागेल, मग बदलल्यासारखंच झालं की नाही? ती म्हणाली, "घाला नवं. पन इंजिन हेच राह्यलं पाह्यजे." मिस्त्रीनं कसंही करून तिला पटवावं म्हणून मी तिला गॅरेजमध्ये घेऊन गेलो. तीही लगेच तयार झाली. "तो काय काढते, काय घालते, म्या पायते," म्हणाली.

गॅरेजमध्ये लिंबाखाली तिच्यासाठी खुर्ची टाकली. मिस्त्रीला हुरूप आला होता. अम्माला ऐकवतोच म्हणाला, आतून काय आवाज येतो ते. त्यानं बॉनेट उघडलं, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला खाली टेकवलं आणि मुठीला कान लावला. मला म्हणाला, "रेस दो साब." मी आत बसून पाय दाबला. ठोका वाढला. "और दो." आणखी दाबला. सगळी गाडी थरथरायला लागली आणि मला तो शब्द ऐकू यायला लागला, लांब, आखूड, लांब. हात स्टिअरिंगवर घट्ट धरून मी बसलो होतो.

मग मिस्त्रीनं मान वर केली, पंजा आडवा केला आणि म्हणाला, "चालु!"

मी पाय काढला. इंजिनाचा आवाज उतरला. आई खुर्चीवरून उठून गाडीच्या दाराशी आली होती.

"असेच म्हनले होते हे," ती म्हणाली.

मी दार उघडलं.

"आखूड," ती म्हणाली. "याच्यावानीच."

"तुला आज समजलं?" मी विचारलं.

"आज कायले? तवाच समजलं. जनम गेला माह्या या गावात. भाजीवालीसंगं का म्या मराठीत बोलत होती?"

मी म्हणालो, "मग मला चालू ठेव काऊन सांगितलंस?" माझा आवाज चढला होता. मिस्त्री पेचकस पुसत दुसरीकडे पाहायला लागला. मला खरंच राग आला होता. किती वर्षं मी त्या एका उकाराला उलटंसुलटं करत होतो, आणि हिला ते पहिल्यापासून माहीत होतं.

आईनं उजवा हात पोटासमोर आडवा धरला, तळवा खाली करून. "हात बी धरला होता त्यायनं. असा. तुले दिसला नसन. जेवताना धरत होते तसाच." हात तसाच ठेवून ती म्हणाली, "म्या कवा ऐकलं त्यायचं? हात धरला की म्या अजून एक पळी वाढतच होती. तवा बी वाढली. मले वाटलं, डाक्टरच्या दारापावतर तं पुरतीन."

मग हात खाली घेऊन म्हणाली, "चालू ठेव असं म्याच म्हनलं. मंग हे इंजिन म्या बंद कसं करू देऊ?"

इतका वेळ इंजिन तसंच खाली ठोके देत होतं. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मला रडू यायला लागलं आणि मी ते मिस्त्रीसमोर लपवलं नाही.

मिस्त्री जवळ आला. त्याला आमचं मराठी बरंचसं समजत असावं, कारण तो हळू आवाजात बोलला. "क्या करना अम्मा? खोल के रिपेर करूं, के बदल डालूं?"

आईनं बॉनेटवर हात ठेवला. तिला हाताला धक्के जाणवत असणार. थोडा वेळ तिनं हात तसाच राहू दिला आणि मग काढून घेतला.

"चालु," ती म्हणाली. इतका स्वच्छ आखूड उकार मी आमच्या घरात बाबांनंतर कुणाकडून ऐकला नव्हता. "चालु, बाबू. निकाल डालो."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. लिंबावर पाखरं होती, ती तेव्हा ऐकू आली.

ऑटोनं आम्ही घरी आलो. जेवायची वेळ टळून गेली होती. आईनं वरण गरम केलं, ताट वाढलं आणि माझ्यासमोर बसली. मला भूक नव्हती. दोन घास झाले आणि ती पळी घेऊन पुढं झाली तसा माझा हात आपोआप ताटावर आडवा गेला.

पळी वरच थांबली. आईनं हात मागं घ्यायला सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदाच ती मागं घेत होती.

मी ताटावरचा हात काढून घेतला.