बिनफोडणीचं वरण

मयेकर काका वजनकाट्यावर उभे होते आणि आमचे डॉक्टर टाळ्या वाजवत होते. नर्सही हसत होती. काका मात्र भिंतीकडे बघत होते. काटा दुसऱ्याच कुणाचं वजन दाखवतोय, असा चेहरा.

"रविवारच्या शिबिरात यांनाच स्टेजवर बसवू," डॉक्टर म्हणाले. "शाल, श्रीफळ, फोटो. तेल सोडल्यावर माणूस कसा होतो ते बघू दे लोकांना."

मी रत्नागिरीतल्या एका लहानशा हॉस्पिटलात डायटीशियन आहे. पेशंटने काय खावं, किती खावं, हे सांगायचं माझं काम. मी स्वतः जाड आहे. त्यामुळे नवा पेशंट आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि विचारतो, "तुम्हीपण हेच खाता?" पूर्वी राग यायचा. आता "हो, फक्त जरा जास्त खाते" असं म्हणून मी कामाला लागते.

डॉक्टरांनी स्वतः मासे, दूध आणि तेल सोडलंय. त्यांना ते मानवलं, म्हणून पेशंटनाही ते तेच सांगतात. काकांना शुगर होती, पोट सुटलं होतं. त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी त्यांना समजावलं होतं की वरचं तेल बंद, म्हणजे बाटलीतलं बंद. शेंगदाणे, तीळ, ओलं खोबरं यांत तेल असतंच, ते थोडं थोडं पोटात गेलं पाहिजे. रोज उसळ हवी. बी-ट्वेल्व्हची गोळी हवी, कारण मासे-दूध सोडलं की ते मिळत नाही. फोडणीही सोडायची नाही. कढलं, म्हणजे फोडणीची पळी, नुसतं तापवायचं, मोहरी-जिरं कोरडंच तडतडवायचं आणि वरणावर घालायचं. चव राहते, तेल लागत नाही.

काका मान डोलवत होते. पुढे दर वेळी वजन उतरत गेलं. इतका शहाणा पेशंट मला आजवर मिळाला नव्हता. तिथेच मला शंका यायला हवी होती. ती आली त्या दिवशी. काट्यावरून उतरताना त्यांनी नर्सचा खांदा धरला.

"काका, खुर्चीत बसा. आता हात न टेकता उठा बघू."

त्यांना उठता आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, मग ओशाळून हसले.

वजन उतरतं तेव्हा चरबी जाते की मांस जातं, हे काटा सांगत नाही. ते मांड्या सांगतात. काकांच्या मांड्या सुकल्या होत्या.

काका बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, सत्कार नको. हे असंच चाललं तर काका अंथरूण धरतील. आणि एकदा शाल घातली की ते हेच खाणं धरून बसतील."

"अहो, शुगर नॉर्मल आली आहे. सगळे म्हणतायत, काय बरे दिसतात!"

"जाड माणूस बारीक झाला की सगळे तेच म्हणतात. का झाला, ते कोण विचारतं?"

"मॅडम, तुम्हाला कुणाचं उतरलेलं वजन बघवत नाही की काय?" ते हसले. चांगला माणूस आहे, गमतीत बोलला. पण मला लागलं. त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला.

शनिवारी दुपारी स्कूटर काढली आणि काकांकडे गेले. जयगडच्या अलीकडे, चिऱ्याच्या गडग्याआड, दगडी कुंपणापलीकडे त्यांचं घर. उभी हयात जहाजावर काढलेला माणूस. बायको गेल्या वर्षी वारली. मुलगी बंगळूरला असते, रोज फोन करते. काका दारातच बसले होते. मला बघून गडबडले, पंखा लावला, खुर्ची पुसली.

"जेवलात का, काका?"

"जेवतोच आता. वरण-भात हाय. तुमीपण बसा."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. भात, वरण, उकडलेला दुधी. वरण पिवळंधमक, वर काही नाही. खिळ्याला लोखंडी कढलं टांगलेलं, त्यावर गंज चढलेला.

"कोरडी फोडणी शिकवली होती ना मी? आणि दाणे, खोबरं?"

"नारळ खवायचा म्हंजे इळीवर बसायला लागतं. इळी तिची." काका पाटावर बसले. "आणि फोडणी नाय देत."

"का?"

काकांनी वरणाच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"ती गेली तवा सुतकात शेजारणी जेवण आणायच्या. वरण-भात, बिनफोडणीचा. सुतकात फोडणी देत नाय ना. तेरावं झालं, पावणे गेले. आता घरात फोडणी द्यायची ती मीच. मी कढलं काढलं आणि परत टांगलं. फोडणी दिली म्हंजे सुतक सुटलं. मंग ती गेलीच की."

मी खिळ्यावरच्या कढल्याकडे पाहिलं.

"बाया इचारायच्या, काका, अजून फोडणी नाय? काय सांगायचं? तेवढ्यात तुमी तेल बंद केलंत. बरं झालं. मी सगळ्यांना सांगतो, डायटीशन बाईंनी बंद केलंय."

मी समजत होते, माणूस पथ्य पाळतोय. तो वर्षभर सुतक पाळत होता. आणि त्या सुतकाला मी औषधाचं नाव दिलं होतं. सगळा गाव त्याला 'बरे दिसता' म्हणत होता.

समजूत घालणं मला जमत नाही. आहार सांगता येतो. मी कढलं खाली काढलं, घासलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"आजपासून एक चमचा तेल."

"तेल? तुमीच बंद केलंत ना?"

"मीच केलं होतं. आता मीच सांगतेय."

कोरडी फोडणीही चालली असती. पण तिथे मला तेलच हवं होतं.

काकांनी कढलं गॅसवर धरलं. चमचाभर तेल मोजून ओतलं. "लोकांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, डायटीशन बाईंनी सुरू केलं."

मोहरी जरा करपली. फोडणी वरणावर पडली, चर्र झालं, आणि काका तोंडाला टॉवेल लावून उभ्या उभ्या रडले. तेवढ्यात गडग्यापलीकडून शेजारीण ओरडली, "काका, कोण आलंय काय वो? फोडणीचा वास येतोय!"

काकांनी डोळे पुसले. "बाई आल्यात!" ते मोठ्यांदा म्हणाले. "त्यांनी सुरू केलंय!"

काकांनी शाल नको म्हणून कळवलं, आणि रविवारी दुसऱ्याच कुणाचा तरी सत्कार झाला. काकांना आता शेजारीण नारळ खवून देते. उसळ ते स्वतः करतात. मध्यंतरी तपासणीला आले, तेव्हा नर्स हळहळली, "अगंबाई, वजन वाढलं की!" या वेळी टाळ्या मी एकटीने वाजवल्या. काका हात न टेकता खुर्चीतून उठले.

तेव्हापासून कुणाचं वजन झपाट्याने उतरलं की मी अभिनंदन करत नाही. आधी विचारते, जेवायला सोबत कोण असतं? बरंच काही कळतं.

त्या तपासणीनंतर निघताना काकांनी हाच प्रश्न मला विचारला. "बाई, तुमच्याकडे कोण असतं जेवायला?"

"कुणी नाही."

"मंग फोडणी देता की नाय?"

बाहेर पेशंट खोळंबले होते. मी पुढचं नाव पुकारलं.