दाराच्या खिळ्यावरची पिशवी

"वैनी, माय गेली," एवढंच दीर फोनवर म्हणाला आणि रडायला लागला. मी उमरग्याच्या शाळेत सहावीचा तास घेत होते. सकाळी घरातून निघताना माय ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या. "आधार घेतलंस का गं? बँकेत जायाचंय म्हणलीस," असं त्यांनी विचारलं आणि मी जरा वैतागूनच "घेतलं, माय, घेतलं!" म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते. आधार कार्डाबद्दल! माणूस जाता जाता काहीतरी मोलाचं सांगून जातं म्हणतात… आता दीड महिन्यानं वाटतं, मायच्या लेखी त्यांनी मोलाचंच सांगितलं होतं.

माय म्हणजे माझ्या सासूबाई. घरातले सगळे त्यांना मायच म्हणायचे, म्हणून मीही. अक्षराची ओळख नाही, सहीच्या जागी अंगठा. पण अख्ख्या सास्तूर गावात कागदांचा एवढा नाद असलेली दुसरी बाई नसेल. युरियाच्या रिकाम्या पोत्याची त्यांनी हातानं एक पिशवी शिवली होती. ती दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेली असायची, भूकंपानं जमीन पुन्हा हललीच तर बाहेर पळता पळता हाताला लागावी म्हणून. सातबारा, रेशन कार्ड, लेकरांची लसीची कार्डं, म्हशीच्या विम्याचा कागदसुद्धा तिच्यात. वाचता येत नाही, मग ओळखायचं कसं? त्यावर त्यांनी आपली तोड काढली होती. कागदाच्या कोपऱ्यात सुईनं एक टाका घालायचा. जन्माच्या कागदाला हिरवा दोरा, लग्नाच्या कागदाला लाल, मरणाच्या कागदाला काळा. सरकारी कागदाला भोकं पाडू नयेत हे सांगून सांगून मी थकले. "भोकातनं अक्षर पळून जातंय व्हय?" एवढंच त्या म्हणायच्या आणि दोरा दातानं तोडायच्या.

या नादाचा पहिला फटका मला लग्नानंतर चौथ्याच दिवशी बसला. मी नळदुर्गची. लग्न झाल्यावर जोडीनं तुळजापूरला जायचं, ही आमच्याकडची रीत. जीप दारात उभी, मी हिरव्या शालूत घामाघूम, आणि माय ड्रायव्हरला म्हणतात, "आधी पंचायतीत घे." तिथं ग्रामसेवकापुढं आम्हा दोघांना बसवलं. लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, सगळी तयारी त्यांनी आधीच करून ठेवलेली. माझे वडील सोबत होते, त्यांचा चेहरा पडला. "विहीणबाई, पाचशे माणसांनी अक्षता टाकल्या की. आमच्या लेकीवर इश्वास न्हाय का तुमचा?" माय शांतपणे म्हणाल्या, "माणसं मरत्यात, दादा. पाचशे असू द्या न्हायतर पाच हजार. सबूत ऱ्हायला पाहिजे." शुभकार्यात मरणाची भाषा! मला इतका राग आला की तुळजापूरपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. देवीपुढंही मनात तेच चाललं होतं, काय बाईच्या पदरी पडले मी!

नवरा तेव्हा मस्कतला इलेक्ट्रिशियन होता. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि त्यानं हट्ट धरला, पाचव्या महिन्यात दोन महिने येऊन जा, मग बाळंतपणाला माहेरी जा. एका एजंटानं मला व्हिजिटर व्हिसा काढून दिला, लग्नाचा कागद कुणी मागितला नाही. माय मात्र निघताना पिशवी घेऊन आल्याच. "हे लग्नाचं ने संगं." मी म्हणाले, "माय, मी नवऱ्याकडंच चाललेय. त्याला काय मी त्याची बायको आहे हे कागदावरून कळणार आहे का?" सगळे हसले. मायनी कागद परत पिशवीत घातला. तो प्लास्टिकचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

परतीचं तिकीट नऊ दिवसांवर होतं तेव्हा माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सातवा संपत आलेला. मुलगी झाली, तळहाताएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. माझ्या माहेरचं कुणी नाही, सासरचं कुणी नाही, डोक्याला बांधायला कुणी फडकं देईना की ओवा-बाळंतशोपा देईना. नर्सबाई प्रेमळ होत्या, पण त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना.

पाचव्या दिवशी दवाखान्यातल्या खिडकीपलीकडच्या माणसानं नवऱ्याकडं लग्नाचा दाखला मागितला. अस्सल, आणि त्यावर मुंबईतल्या कचेऱ्यांचे शिक्के. तो नसेल तर बाळाचा जन्मदाखला नाही. जन्मदाखला नाही तर पासपोर्ट नाही, आणि पासपोर्टाशिवाय बाळ विमानात बसू शकत नाही. माझा व्हिसा मात्र संपत आलेला. फार तर एक महिना वाढवून मिळेल, म्हणाले. म्हणजे काय? मी जायचं आणि लेकरू इथं ठेवायचं? मी त्या पेटीच्या काचेला हात लावून उभी राहिले. पलीकडं माझ्याच पोटचं लेकरू, आणि ते माझं आहे हे मलाच शाबीत करायचं होतं. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते मी कधी.

नवऱ्यानं घरी फोन लावला. मायच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला फोनवर बोलावलं. मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवायला जागाही होती. "लेकरू दूध पितंय का?" त्यांनी विचारलं. नळीनं देतात, मी म्हणाले. "मग झालं. तू रडू नगंस, दूध आटतंय. लाल दोरा माझ्या हातात हाय. उद्याच्याला निघते."

निघते! सोलापूरच्या पलीकडं कधी न गेलेली बाई. दीर म्हणाला, मी एकटा नेतो कागद. पण त्यांनी तो हातातून सोडला नाही. दोघं मुंबईला गेले, तिथं कुणा पाहुण्याच्या खोलीवर आठ दिवस राहिले आणि या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. एका साहेबानं कोपऱ्यातला टाका बघून विचारलं म्हणे, "हे काय, आजी?" "लग्न हाय ते," माय म्हणाल्या, "शिक्का मारताना दोरा तेवढा तोडू नगा." साहेब हसला आणि त्यानं दोऱ्याच्या शेजारी शिक्का मारला. फोननंतर सोळाव्या दिवशी तो कागद मस्कतला पोचला. वाढवलेला व्हिसा संपायला चार दिवस असताना मी मुलीला छातीशी घेऊन विमानात बसले.

घरी बारसं ठेवलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. बायकांची कुजबुज सुरू झाली, आत्या कोण बसणार? माझ्या नवऱ्याला बहीण नव्हती, म्हणजे लहानपणीच गेली एवढंच मला ठाऊक होतं. चुलत नणंद पुढं झाली, पण माय उठल्या. "आज आत्या म्याच," म्हणाल्या. आजीच आत्या झाली! बायका हसल्या, मीही हसले. मायनी बाळाच्या कानात 'सई' म्हणून नाव सांगितलं आणि तशाच वाकून राहिल्या. पाठीवर धपाटे घालणाऱ्या बायकांचे हात आपोआप थांबले.

पाहुणे गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "हिला आत्या व्हती," म्हणाल्या. "सुमन. तीन महिन्यांची. माहेरात जलमली, म्या तिला इकडं आणून पंधरा दिस झालं आन भूकंप झाला. सरकारी माणसं गेलेल्यांची नावं लिहून घेत व्हती तवा म्या सोलापूरच्या दवाखान्यात, बेसूद. बापाचं डोकं ठिकाणावर न्हवतं. जलमाची नोंद न्हाय, मग मरणाची कुठनं व्हावी? कागदाला इचारलं तर ती आली बी न्हाय आन गेली बी न्हाय." त्यांनी सईच्या कपाळावरून बोट फिरवलं… "तू तिकडनं फोन केलास तवा मला वाटलं, दुसरी बी तशीच जाती का काय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचायतीतला तो दिवस आठवला, तुळजापूरपर्यंतचा माझा अबोला आठवला. माफी मागायला हवी होती. मी नुसता त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "सोड, पाळण्याची दोरी वढायची हाय."

गेल्या आठवड्यात ग्रामसेवकांनी मायचा मृत्यूचा दाखला आणून दिला. मी सुईत काळा दोरा ओवला. शिकलेली बाई मी, सरकारी कागदाला भोक पाडू नये म्हणणारी. टाका घातला, दातानं दोरा तोडला आणि पिशवी खाली घेतली. सई आता आठ वर्षांची आहे, ती शेजारी बसून एकेक कागद लावत होती. तिच्या एकटीच्याच कागदांची चळत केवढी मोठी, तिकडचा दाखला, इकडची नोंद, शिक्क्यांवर शिक्के, कोपऱ्यात हिरवा दोरा. पिशवीच्या अगदी तळाशी एक घडी घातलेला वहीचा कागद निघाला. पिवळा पडलेला. त्याच्या एकाच कोपऱ्यात दोन टाके होते, एक हिरवा आणि एक काळा.

सईनं तो उलटापालटा करून पाहिला. "आई, हा तर कोराच आहे. टाकू?"

"टाकू नको. तुझ्या आत्याचा आहे." मी तो कागद तिच्यापुढं जमिनीवर पसरला. "तुझा पेन आण. तुझं अक्षर चांगलं आहे."

ती पेन घेऊन आली, पोटावर पालथी झाली आणि तिनं कागदाची घडी हातानं नीट केली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. नाव, सुमन. वय, तीन महिने. गाव, सास्तूर. स्वतःच्या दाखल्यावर जे जे असतं ते ते तिला पाठ होतं, त्यामुळं पुढचं तिनंच विचारलं.

"आईचं नाव?"

"गयाबाई," मी म्हणाले. "आपली माय."